नारंगी निरोप्या

नागपुरात ‘मी आरएसएसवर बातम्या वाचतो’ म्हटलं की समोरचा विचारतो, ‘कोणत्या शाखेत जाता जी?’ मग सांगावं लागतं, महालातला तो संघ वेगळा. हा अमेरिकेतला, १९९९ साली नेटस्केप कंपनीच्या घरी जन्मलेला. ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’ हे नाव त्याला नंतर पडलं.

दिसायला मात्र अगदी आमच्या संत्र्याच्या रंगाचा. नारंगी चौकोन, कोपऱ्यात पांढरा ठिपका, त्यावर दोन कमानी. साल सोलली की आत संकेतस्थळानं ठेवलेली साधी मजकुराची फाइल. एकेका बातमीची एकेक फोड: मथळा, दुवा, थोडा गोषवारा आणि प्रसिद्धीची वेळ, तीही सेकंदासकट. सहसा जाहिरात नाही, ‘हेही वाचा’ नाही.

स्वभाव सरकारी खिडकीवरच्या जुन्या बाबूचा. स्वतःहून कोणाच्या दारी जात नाही. आपलं वाचक-ॲपच ठरावीक वेळानं खिडकीशी जाऊन विचारतं, ‘नवीन काही?’ असेल तर पुढे सरकवतो, नसेल तर गप्प. पण हा बाबू नाव विचारत नाही, मोबाइल नंबर मागत नाही, ओटीपीही नाही.

पत्र सूचना कार्यालयाची प्रसिद्धिपत्रकं त्याच्याकडे मिळतात, आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’चे इशारेही. पावसाळ्यात त्याची किंमत कळते. व्हॉट्सॲपवर ‘विदर्भात ऑरेंज अलर्ट’ असा निरोप दहा गटांतून फिरत येतो; तो आजचा की गेल्या आषाढातला, देव जाणे. हा मात्र निरोपासोबत वेळ देतो आणि मूळ कागदाचा पत्ताही. अफवेकडे नेमक्या याच दोन गोष्टी नसतात.

१ जुलै २०१३ ला गूगल रीडर हे वाचक-ॲप बंद झालं तेव्हा लोकांनी याचंही तेरावं उरकून टाकलं. पण पॉडकास्टचे नवे भाग बहुतेक अजून याच्याच पाठीवरून येतात.

खोड एकच. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी हा कुरकुर करत नाही, नुसता मुका होतो. आपल्याला वाटतं, सगळं आलबेल आहे. म्हणून श्रावणात तो तीन दिवस गप्प राहिला, की मी आधी आभाळाकडे बघतो आणि मग त्याचा पत्ता तपासतो.