नळीवरचा नंबर

रस्ता रुंदीकरणात आमच्या शहरातल्या जालना रोडवरच्या कितीतरी दुकानांची तोंडं गेली. आमच्या मुकुंदवाडीतल्या एका शेजाऱ्यानं पाडापाडीतून सागवानी दरवाजा तेवढा वाचवला आणि सुताराकडे नेऊन टाकला. परवा भाजी घेऊन येताना त्या सुताराच्या शेडपाशी माझे पाय थांबले. तो दरवाज्याला जवसाचं तेल चोळत होता. उन्हात तापलेलं तेल, जुनं लाकूड आणि त्यात कुठूनसा रॉकेलचा वास. एका क्षणात मला घरातली दुनळी आठवली. भाजीची पिशवी हातात तशीच.

दुनळी म्हणजे छऱ्यांची बारा बोर नव्हे. ही रायफल आहे. दोन्ही नळ्यांना आतून पीळ, बाहेर दोन घोडे, खाली दोन चाप. बनावट फ्रान्समधल्या सेंत एत्येनची. कोळसा, रेशमी फिती, सायकली आणि बंदुका यांवर जगलेलं ते गाव. निजामाच्या मुलखात फ्रेंच हत्यार तसं नवलाचं नाही. निजामाच्या पदरी रेमाँ नावाचा फ्रेंच सेनापती होता, त्यानं हैदराबादेत तोफा-बंदुकांचं ओतकाम उभं केलं. 1798 मध्ये तो वारला. लोकांनी त्याचा मुसा राम करून टाकला, टेकडीवर त्याची कबर आहे, तिच्यावर त्याच्या नावाची आद्याक्षरंही आहेत. त्याच्या भट्टीवर राबणाऱ्यांची कबर कुठे असेल, हा प्रश्न मला सुरुवातीला पडला नव्हता. पुढे पडला.

आमच्याकडे ती आली आबांमुळे. आबा, म्हणजे माझे आजोबा, एका जागीरदाराकडे आधी शिकारीसाठी रान उठवणारे हाकेकरी होते, मग हाक्याचे मुकादम झाले. 1949 मध्ये जागिरी गेल्या, वाड्यातलं सामान निघालं, झुंबरं कुणाकडे, गालिचे कुणाकडे आणि रीतसर परवाना होऊन ही बंदूक आबांकडे. सोबत काडतुसांचे थोडे डबे. पगाराची थकबाकी अशी फिटली, असं आजी म्हणायची. आबांना ते पटत नसे. ते तिला बक्षीस म्हणत.

ती चालताना मी एकदाच पाहिली. 1970 ची दिवाळी होऊन गेलेली. कन्नडच्या पुढे गौताळ्याच्या डोंगरात डुकराचा हाका होता. शिकारबंदीचा कायदा 1972 चा, त्यामुळे कुणाला लपूनछपून काही करायचं नव्हतं. करवंदीच्या जाळीमागे आबा आणि त्यांच्या पाठीला चिकटलेला मी. पलीकडच्या उतारावरून डबे, थाळ्या, हाळ्या. डुक्कर बाहेर आलं, आबांनी उजवा बार काढला. लागला, पण नीट नाही. डुक्कर गर्रकन फिरलं आणि उलट हाकेकऱ्यांच्या रांगेत घुसलं. एकाची पोटरी त्यानं सुळ्यानं उभी फाडली. मग डावा बार. डुक्कर जागेवर बसलं.

त्यानंतर आबांनी जे केलं ते त्यांनी पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. एवढी जपलेली बंदूक त्यांनी खडकावर टाकली आणि उतारावरून धावत सुटले. दस्ता दगडावर आपटल्याचा आवाज मला ऐकू आला. मी मागून पोचलो तेव्हा त्या माणसानं स्वतःच मुंडासं सोडून पोटरी आवळली होती. पायाच्या अंगठ्याला आधीपासूनच एक मळकी चिंधी बांधलेली होती. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "पोरा, बिडी हाय का रं कुणाकडं?"

पुढे आयुष्यभर आबांनी ही शिकार सांगितली. पाहुणे आले की हटकून. डावा बार किती अंतरावरून काढला, डुक्कर किती मणाचं होतं, जागीरदारसाहेब असते तर काय म्हणाले असते. पोटरी फाटलेला माणूस त्या गोष्टीत असे, पण "एक हाकेकरी" म्हणून. मी नाव विचारलं की आबा क्षणभर थांबत आणि पुन्हा डुकराकडे वळत.

बैठकीतल्या शिकारकथांवर माझा राग आहे तो तेव्हापासूनचा. साहेबाचं नाव, बंदुकीचं नाव, मचाणाचं झाड, वाघाची नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी, सगळं तपशीलवार. रान उठवणारे शंभर जण मात्र नुसते हाकेकरी. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जाऊन बघा. मद्रास फौजेतला जॉन स्मिथ वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या दरीत आला आणि 28 एप्रिल 1819 ला त्यानं तिथल्या चित्र काढलेल्या खांबावर आपलं नाव कोरलं. ते अजून आहे. वाट एका गुराखी पोरानं दाखवली, असं सांगतात. तो सगळीकडे नुसता गुराखी पोरगाच.

दादांनी, म्हणजे वडिलांनी, बंदूक कधी चालवली नाही. दसऱ्याला पाटावर ठेवायची, झेंडूचं फूल वाहायचं, मला दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दाखवायचा आणि पुन्हा गुंडाळायची. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणायची. पावतीवर बनावट, बोर आणि नळीवरचा नंबर. दादा गेल्यावर वारस म्हणून परवान्याची खटपट मी केली. तेव्हा कापड सोडून पाहिलं तर नळ्यांवर गंजाचे फोड आणि दस्ता तेल पिऊन काळा झालेला.

शहरात बंदुकांच्या एका जुन्या दुकानात एक वयस्क मिस्त्री बसत. त्यांनी नळ्या वेगळ्या केल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "मास्तर, बारिश आन देव. सूखे में ये काम नै होता." मला वाटलं टाळतायत. पण जुन्या नळ्यांचा काळा रंग मुळात रंग नसतोच, तो पाळलेला गंज असतो. त्यांनी नळ्या घासून पांढऱ्या केल्या, तोंडांना लाकडी बुचं मारली, चुना चोळून तेलकटपणा काढला, मग तेजाबाचं पाणी बोळ्यानं एका हातात फिरवलं आणि आषाढातल्या दमट खोलीत रात्रभर टांगून ठेवल्या. सकाळी नळ्यांवर तांबूस लव आलेली. त्या उकळत्या पाण्यात सोडल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत तांबडा गंज काळा होत गेला. बारीक तारेच्या ब्रशनं वरची लव झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. काळा रंग दर खेपेला थोडा खोल जातो. वैशाखातल्या कोरड्या हवेत लव धरतच नाही, म्हणून पावसाळा.

दस्ता अक्रोडाचा. त्यातलं जुनं तेल खडूच्या पुडीनं ओढून घेतलं. खळग्यांवर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली, वाफेनं दबलेलं लाकूड वर आलं. मग तळहातानं जवसाचं तेल, थेंबभर घेऊन, हात गरम होईपर्यंत. एका मोठ्या खळग्यापाशी ते थांबले. ठोकर लागल्यासारखा, काठाला वाळूचा कण अजून रुतलेला. "ये रहने दूँ?" मी त्यांना गौताळ्याची गोष्ट सांगितली नव्हती. तरी त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या.

नळ्या सुट्या होत्या तेव्हा त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. खालच्या अंगाला, लाकडानं झाकल्या जाणाऱ्या जागी, एक बारीक छाप होता. सेंत एत्येनमध्ये नळ्या घडवणारे कारागीर पुष्कळदा आपली खूण अशी पोटाशी मारत. वर दुकानाचं नाव, आत घडवणाऱ्याचं. बंदूक खोलल्याशिवाय दिसत नाही, पण आहे. मिस्त्री त्या छापावरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. त्यांची स्वतःची खूण त्यांनी कुठे मारली नाही. मी सुचवलं तर हसले.

काडतुसांचं विचारल्यावर मात्र त्यांनी कानाला हात लावला. ही काळ्या दारूची बंदूक. 1884 मध्ये व्हिएल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं बिनधुराची दारू केली आणि असली सगळी हत्यारं एका रात्रीत म्हातारी झाली. शिवाय दुनळी रायफलीच्या नळ्या समांतर नसतात, तोंडाकडे किंचित जवळ आणून जोडलेल्या असतात. उजवा बार उडताना बंदूक उजवीकडे झटका खाते, डावा उडताना डावीकडे. तो झटका हिशोबात धरून कारागीर एका ठरावीक अंतरावर दोन्ही गोळ्या एकत्र आणतो. दारू बदलली की हिशोब चुकला, गोळ्या एकमेकींना ओलांडून जातात. म्हणजे आता ती नीट झाली आहे आणि कधीच वाजणार नाही. मला ते बरं वाटलं.

शिकार करायची हौस मला नाही. 2021 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ चालत गौताळ्यात आला, कॅमेऱ्यात दिसला, तेव्हा पेपर हातात घेऊन मी लहान पोरासारखा घरभर फिरलो होतो. पण त्या बातमीनंही मी पोचलो त्याच उतारावर. त्या माणसाचं पुढे काय झालं? दोन वर्षांत 1972 चा दुष्काळ पडला. गौताळ्याच्या पायथ्याची गावं खडी फोडायला रस्त्यावर आली, सुकडीसाठी रांगा लागल्या. पोटरी भरून आली असेल तर तोही तिथेच कुठेतरी हातोडा घेऊन बसला असणार. आणि मग वाटतं, सरकारी कामाच्या हजेरीपटावर त्याचं नाव लिहिलं गेलं असेल. जागीरदारानं लिहिलं नाही, आबांनी सांगितलं नाही, ते दुष्काळानं लिहून घेतलं असेल. मजुरीपुरतं का होईना.

आमच्या घरात जागीरदाराच्या एका शिकारीचा फोटो आहे. पुढे मेलेला वाघ, खुर्चीवर साहेबलोक, खाली उर्दूत सगळ्यांची नावं आणि वाघाची लांबी. मागे मुंडाशांची एक रांग. त्यातले डावीकडून तिसरे आबा, हे मला दादांनी दाखवलं म्हणून ठाऊक. बाकीचे कोण, हे आबा जिवंत असताना कुणीच विचारून ठेवलं नाही. सांगायला त्यांना जड गेलं असतं, असं आता वाटतं. त्या रांगेतून उठून ते बंदुकीपर्यंत आले होते.

मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांत असे फोटो भिंतीवर आहेत. तुमच्याकडे असेल तर एवढं करा. घरात, गावात कुणी ऐंशी-नव्वदीचं जाणतं माणूस उरलं असेल त्याच्यापुढे तो फोटो धरा आणि मागे उभे असलेल्यांची नावं विचारून फोटोच्या पाठीवर पेनानं लिहून ठेवा. गाव कळलं तर गावही. बंदुकीचा नंबर ठाण्यात नोंदलेला आहे, त्याची काळजी करू नका.