बुधवारचं माहीम

माहीमच्या चाळीत वाढलेल्या एका मुलीला बुधवार कळायचा तो लेडी जमशेदजी रोडच्या फुटपाथवरून. सेंट मायकेल चर्चबाहेर मेणाच्या वस्तू मांडल्या गेल्या की बुधवार. मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं बाळ, मेणाचं घर. ज्याचं जे दुखणं किंवा मागणं असेल, ते विकत घ्यायचं आणि मावलीपुढे, म्हणजे मेरीपुढे, ठेवायचं. तिची आई शीतलादेवीला जायची आणि बुधवारी शेजारच्या मावशींबरोबर चर्चमध्येही. घरात कुणाला यात वावगं वाटलं नाही.

आत मावलीचं चित्र आहे. मूळ चित्र रोमला. जुन्या बायझंटाईन शैलीतलं. मेरीच्या कडेवर बाळ येशू, आणि त्याच्या एका पायातली चप्पल निसटून नुसती लोंबते आहे. लहानपणी तिला चित्रात फक्त ती चप्पलच दिसायची. आता पडेल, मग पडेल, असं वाटत राहायचं. बाळ का घाबरलं आहे, हे खूप नंतर कळलं: दोन्ही बाजूंना देवदूत आहेत आणि त्यांच्या हातात क्रूस, भाला अशी त्याच्या पुढच्या यातनांची साधनं आहेत. ते पाहून बाळाने आईचा हात आपल्या दोन्ही हातांनी धरला आहे.

स्वतःचं मूल तापाने फणफणलं, तेव्हा तिला पहिल्यांदा ते हात दिसले.

बुधवारची नोव्हेना, म्हणजे नऊ बुधवारांची ही प्रार्थना, मात्र चर्चइतकी जुनी नाही. फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी बेलफास्टमध्ये अशी प्रार्थना पाहिली आणि 8 सप्टेंबर 1948 रोजी, मेरीच्या जन्माच्या सणाला, ती माहीमला सुरू झाली. तो दिवसही बुधवारच होता. ओळीने नऊ बुधवार यायचं, एवढाच नेम. हिंदू, मुसलमान, पारशी, ज्याला वाटेल त्याने तो धरला आणि मुंबईच्या आठवड्यात हा वार कायमचा जाऊन बसला.

चर्च स्वतः सोळाव्या शतकातलं, पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांनी उभारलेलं. आज दिसते ती इमारत 1973 ची, त्यामुळे जुने दगड शोधायला येणारा माणूस इथे हिरमुसतो. त्याने हिरमुसू नये. या जागेचं मोठेपण तिने कुणाला आसरा दिला यात आहे. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या धामधुमीत वांद्र्याच्या डोंगरावरची मोत मावलीची, म्हणजे मेरीचीच, मूर्ती खाडीपलीकडे, इंग्रजांच्या माहीममध्ये आली, ती याच चर्चमध्ये. 1761 मध्ये ती वांद्र्याला परतली. मराठी वाचकाने वसईचा विजय अभिमानाने आठवावा, आणि त्याच युद्धात एका मूर्तीला घर सोडावं लागलं होतं, हेही आठवावं.

आणि हेच दार एकदा आतून बंद झालं होतं. 1853 च्या मार्चमध्ये. मुंबईच्या कॅथलिकांवर अधिकार कुणाचा, पोर्तुगालच्या राजसत्तेच्या पाठिंब्याने चालणाऱ्या गोव्याच्या आर्चबिशपांचा की थेट रोमने नेमलेल्या बिशपांचा, असा तो वाद. रोमच्या बाजूचे बिशप अनास्तासियस हार्टमन आपल्या माणसांसह चर्चमध्ये कोंडून बसले. बाहेर त्याच पॅरिशमधले विरोधक. कित्येक दिवस हा वेढा चालला. शेवटी सरकारने मध्ये पडून चर्च गोव्याच्या पक्षाकडे सोपवलं. एकाच मावलीची लेकरं एकमेकांना आत येऊ देत नव्हती.

चाळीतल्या त्या मुलीला हा इतिहास फार उशिरा, वाचनातून समजला, आणि तिला तो खरोखर लागला. कारण तिच्या उभ्या आयुष्यात त्या दारात तिला कुणी आडनाव विचारलं नव्हतं. आई गेली त्या आठवड्यातही ती कपाळावर हात ठेवून शेवटच्या बाकावर बसली होती. शेजारच्या अनोळखी बाईने सरकून जागा केली आणि प्रार्थनेचं पुस्तक दोघींच्या मध्ये धरलं.

बुधवारी इथे इंग्रजी, कोंकणी, हिंदी आणि तमिळबरोबर मराठीतही नोव्हेना होते. ज्यांनी अजून पाहिली नसेल त्यांनी एकदा जावं, आणि चित्रासमोर जरा जास्त वेळ थांबावं.