माझी नात आणि मोटारींची रेस



मुंबईत असताना 'रेस' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे महालक्ष्मीचे घोडे यायचे. मोटारींच्या शर्यतीही व्हायच्या. जुहूच्या विमानतळाच्या धावपट्टीवर व्हायच्या, आणि मद्रासजवळ शोलावरमला लढाईच्या वेळच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. पण ते राजेरजवाड्यांचे आणि कारखानदारांचे खेळ. मी परळच्या रेल्वे वर्कशॉपमधला फिटर. मोटार दुरुस्त करणारे आपण, पळवणारे दुसरे, असा हिशेब होता.

आता माझी नात मोटारींच्या क्लबात जाते हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावर गेलंय. सणाला भेटलो की दोन प्रश्न हमखास येतात. "एवढा पैसा आणला कुठून?" आणि आवाज जरा खाली आणून, "अन् शनिवारचं काय?" प्रत्येकाला वेगळं सांगून दमलो, म्हणून इथे एकदाच लिहितो.

आधी हे सांगतो की आम्ही तिला जाऊ का दिलं. ओळखीच्या एका घरातला मुलगा, नाव लिहीत नाही, रात्री हायवेवर मित्राशी पैज लावून गाडी पळवताना पकडला गेला. इथे ऑन्टारियोत २००७ पासून याला कडक कायदा आहे आणि २०२१ मध्ये तो आणखी कडक झाला. हायवेवर मर्यादेपेक्षा ५० किलोमीटरने जास्त वेग सापडला की पोलीस तिथल्या तिथे गाडी १४ दिवस जप्त करतात आणि लायसन ३० दिवस बंद. कोर्टातलं पुढचं वेगळंच. त्या मुलाचं नशीब की फक्त गाडी गेली. नातीलाही वेगाची ओढ आहे, हे मला ती सायकल चालवायची तेव्हापासून माहीत. तेव्हा मी सुनेला म्हटलं, "अगं, ओढ आहे ती आहे. रस्त्यावर भागवण्यापेक्षा जिथे समोरून ट्रक येत नाही तिथे भागव म्हणावं." सून चार दिवस बोलली नाही माझ्याशी.

आता शिरायचं कसं ते. मला वाटलं होतं, मोठी फी भरून एकदम ट्रॅकवर सोडत असतील. तसं नाही. सुरुवात होते रिकाम्या पार्किंगच्या मैदानात. तिथे नारिंगी प्लॅस्टिकचे कोन मांडून वेडीवाकडी वाट आखतात. याला ऑटोस्लॅलम म्हणतात. एका वेळी एकच गाडी पळते, म्हणजे कोणी कोणाला धडकायचा प्रश्न नाही. स्पर्धा घड्याळाशी. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात आणि कोन पाडला की वर दंडाचे सेकंद. गाडी कुठली? घरचीच! माझ्या नातीने आईची जुनी होंडा सिव्हिक नेली. पळण्याआधी तपासणी होते: चाकांचे नट आवळलेले आहेत का, बॅटरी हलत नाही ना, ब्रेक घट्ट आहे का, आणि डिकीत काही सुटं नाही ना. आमच्या डिकीतून छत्री, दोन लोणच्याच्या बरण्या आणि माझी घडीची खुर्ची निघाली.

सकाळी सगळे जण आधी ती वाट पायी चालून पाठ करतात. हे मला फार आवडलं. तरणी पोरं आणि साठीचे बाप्ये डोकं खाली घालून, हात स्टिअरिंग धरल्यासारखे वळवत, कोनांमधून चाललेत. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, कसलं तरी व्रत चाललंय.

पोरांनो, एक लक्षात ठेवा. ज्याचा नंबर नसतो त्याला बसून राहता येत नाही. तो मैदानात उभा राहून पडलेले कोन उचलतो. क्लब म्हणजे हेच. पगारी नोकर जवळजवळ नाहीत, सगळे एकमेकांचं काम करतात. पहिल्या दिवशी माझ्या नातीची वेळ शेवटून तिसरी आली. पण कोन उचलताना तिने एका म्हाताऱ्या गृहस्थाला विचारलं, आणि दुपारी तो तिच्या शेजारच्या सीटवर बसून सांगत होता, "हाताकडे बघू नकोस, पुढच्या कोनाच्या पुढे बघ." शेवटच्या फेरीत तिने चार सेकंद कमी केले. असं फुकट शिकवणारे लोक मी वर्कशॉपमध्ये पाहिले होते, त्यानंतर इथेच.

हिवाळ्यात आणखी एक शाळा असते. टोरोंटोच्या उत्तरेला मिंडन नावाचं गाव आहे. तिथल्या जत्रेच्या मैदानावर पाणी सोडून बर्फाचा ट्रॅक करतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्यावर शर्यती होतात. काही गाड्यांना खिळ्यांचे टायर, काहींना साधे हिवाळी टायर. इथे मात्र गाड्या एकत्र पळतात. वेग कमी असतो, आणि धक्का लागला तरी बहुधा पत्र्यावर निभावतं. बर्फावर गाडी घसरली की ती हळू घसरते, त्यामुळे काय चुकतंय ते कळायला वेळ मिळतो. ज्यांना कॅनडाच्या थंडीत काही चांगलं दिसत नाही (आमच्या घरात असे दोघं आहेत) त्यांनी एकदा पाहून यावं.

त्यानंतरचा दरवाजा मात्र मोठा. टोरोंटोहून पूर्वेला तासाभरावर बोमनव्हिलजवळ मोस्पोर्टचा ट्रॅक आहे. १९६१ मध्ये तो ब्रिटिश एम्पायर मोटर क्लब या हौशी मंडळींच्या क्लबाच्या पुढाकाराने उभा राहिला. २०१२ पासून त्याचं नाव कॅनेडियन टायर मोटरस्पोर्ट पार्क, पण जुने लोक मोस्पोर्टच म्हणतात. जवळजवळ चार किलोमीटरची फेरी, दहा वळणं, आणि चढउतार असे की समोरचा रस्ता दिसत नाही. पाचव्या वळणाला स्टर्लिंग मॉस या इंग्रज ड्रायव्हरचं नाव आहे. पण मोस्पोर्ट हे नाव त्याच्यावरून नाही, ते मोटर आणि स्पोर्ट जोडून केलेलं.

इथे १९६७ ते १९७७ या काळात आठ वेळा फॉर्म्युला वनची शर्यत झाली. आपल्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो, त्यातल्या दोन यहुदी ड्रायव्हरांनी जिंकल्या. १९७३ मध्ये पीटर रेव्हसन, ती लिपस्टिकवाली रेव्हलॉन कंपनी काढणाऱ्या घराण्यातला. त्या दिवशी पाऊस होता, अपघातानंतर फॉर्म्युला वनमध्ये पहिल्यांदाच सेफ्टी कार आणली आणि ती चुकीच्या गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली. मग फेऱ्यांचा हिशेब असा गोंधळला की कोण जिंकलं ते ठरायला काही तास लागले. आणि १९७७ मध्ये, तिथल्या शेवटच्या फॉर्म्युला वनमध्ये, दक्षिण आफ्रिकेचा जोडी शेक्टर. त्याच्या वडिलांचा रेनो गाड्यांचा धंदा होता आणि हा पोरगा घरच्या रेनोनेच शर्यतीला लागला. पुढे १९७९ मध्ये फेरारीतून जगज्जेता झाला. म्हणजे सुरुवात घरच्या गाडीनेच, ऐकताय ना?

या ट्रॅकवर क्लबच्या शर्यतीत उतरायचं तर लायसन वेगळं. डॉक्टरची तपासणी, मग रेसिंग स्कूल. त्यात वर्गात बसून शिकायचं, ट्रॅकवर चालवून दाखवायचं, मग काही शर्यती नवशिक्या म्हणून नजरेखाली काढायच्या. वेगापेक्षा ते हे बघतात की हा माणूस आरशात बघतो का आणि झेंडा पाळतो का. घरची गाडी इथे चालत नाही. गाडीच्या आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा लागतो, अनेक पट्ट्यांचा बेल्ट, आगीत लवकर न पेटणारे कपडे, आणि मान मागेपुढे झटकू नये म्हणून खांद्यावर बसणारं हॅन्स नावाचं जोखड. ते बॉब हबर्ड नावाच्या प्राध्यापकाने १९८० च्या दशकात केलं, पण २००१ मध्ये अमेरिकेचा डेल अर्नहार्ट शर्यतीत गेला तेव्हा सगळ्यांनी ते मनावर घेतलं. हेल्मेटवर स्नेल नावाचा शिक्का बघतात. पीट स्नेल हा हौशी ड्रायव्हर १९५६ मध्ये डोक्याला मार लागून गेला, त्याच्या मित्रांनी आणि डॉक्टरांनी हेल्मेट तपासणारी संस्था काढली. मी हे सगळं सुनेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे कोणीतरी मेल्याशिवाय यांना काही सुचत नाही." यावर उत्तर नव्हतं माझ्याकडे. रेल्वेतही तसंच होतं.

शाळेआधी नातीने एक उन्हाळा मार्शल म्हणून काढला. मार्शल म्हणजे वळणावर पांढऱ्या कपड्यात झेंडे घेऊन उभे असतात ते स्वयंसेवक. त्यांना पगार नाही, फीही नाही. ज्याच्याकडे पैसा नाही आणि शर्यतीत शिरायचंय त्याने इथूनच सुरू करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रॅकच्या इतक्या जवळ तिकीट काढूनही कोणी जाऊ शकत नाही. पोरांनो, झेंडे पाठ करा. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आलीय, तिला जाऊ दे. काळा म्हणजे ये इकडे, तुझ्याशी बोलायचंय. लाल म्हणजे शर्यत थांबली. ती सांगते, वळणावर उभं राहून दोन महिन्यांत तिला कळलं की चांगला ड्रायव्हर प्रत्येक फेरीत त्याच इंचावर ब्रेक मारतो. आवाजावरूनच ओळखू येतं म्हणे.

आता शनिवार. ऑटोस्लॅलमला ती रविवारीच जाते, मार्शलही रविवारीच. पण क्लबच्या शर्यतीत बहुधा शनिवारी सराव आणि वेळ नोंदवणं असतं. ती म्हणते, "आजोबा, मी शनिवारी येणार नाही असं विचारून बघते. रविवारी सगळ्यांच्या मागे उभं करतील, करू देत." तिच्या बापाला तेही पटत नाही, कारण स्कूलसुद्धा शनिवारीच सुरू होतं. मी पोरीला आपली जुनी गोष्ट सांगितली, कोकणात आपल्या लोकांना शनवार तेली का म्हणायचे ती. शनिवारी घाणा बंद. गिऱ्हाईक दुसऱ्या तेल्याकडे जायचं, तरी बंद. ती म्हणाली, "म्हणजे तेल आणि शनिवार दोन्ही आपल्याकडे पहिल्यापासून आहेत." हसलो सगळे, पण प्रश्न अजून तिथेच आहे. मधल्या वारी स्कूल मिळतं का याची ती चौकशी करतेय.

पैशाचं सांगायचं राहिलं. स्वस्त खेळ नाही हा. टायर, पेट्रोल, ट्रॅकची फी, आणि गाडी आपटली तर विमा कंपनी हात वर करते. ठोकली तर गेली असं धरूनच उतरायचं. त्यातल्या त्यात कमी खर्चात बसणारे प्रकार आहेत. फॉर्म्युला १२०० नावाच्या छोट्या उघड्या गाड्यांत जुन्या फोक्सवॅगन बीटलचं इंजिन असतं. किंवा तिघांचौघांनी मिळून एक जुनी गाडी घ्यायची आणि लांब पल्ल्याच्या शर्यतीत आळीपाळीने चालवायची. वयाची काळजी नको. नट पॉल न्यूमन पहिल्या शर्यतीत उतरला तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि सत्तराव्या वर्षी, १९९५ मध्ये, डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात जिंकलेल्या चमूत होता.

माझ्या नातीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी वर्गणी काढून एक जुनी माझदा मियाटा घेतलीय. पिंजरा कोणीतरी आधीच बसवलेला, रंग तीन ठिकाणी वेगळा. ती आमच्या गॅरेजमध्ये आहे, त्यामुळे सुनेची गाडी बर्फात उभी असते आणि रोज सकाळी काच खरवडताना ती काय बोलते ते इथे छापता येणार नाही. गिअरबॉक्स पोरींनी उतरवलाय. क्लच मी बघतोय. गुडघे वाकत नाहीत, म्हणून स्टुलावर बसून सांगतो आणि त्या करतात. कोणाकडे जुने इंची पाने पडून असतील तर देऊ नका. ही जपानी गाडी आहे, मिलिमीटरचे पाने लागतात. दहा नंबरचा आमचा तिसऱ्यांदा हरवलाय.