मधला थर

स्मरणिका समितीने लेख मागितला, तेव्हा इतिहासाचा शिक्षक शाळेचा इतिहासच लिहील अशी समितीची अपेक्षा असणार. ते काम इतर मान्यवर करतीलच. मला मात्र वसतिगृहाच्या व्हरांड्यातील टेबल टेनिसचे टेबल आठवते आणि त्यासोबत माझी एक चूक आठवते. काही माजी विद्यार्थ्यांना ती ठाऊक आहे. आज ती सर्वांसमोर मांडतो.

टेबल टेनिसची बॅट म्हणजे लाकडी फळी, तिच्यावर स्पंज आणि त्यावर रबर. स्पंजाने या खेळाचे रूप पालटले ते मुंबईत. १९५२ च्या जागतिक स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजाची बॅट घेऊन उतरला. चेंडूचा नेहमीचा आवाजच प्रतिस्पर्ध्यांना ऐकू येईना. सातो विश्वविजेता झाला. वर्गात हा प्रसंग मी रंगवून सांगत असे. परंतु स्पंज आणि लाकूड यांना जोडणाऱ्या थराचा विचार मी कधी केला नव्हता.

नव्वदच्या दशकात आंतरशालेय स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या एका विद्यार्थ्याने सायकलच्या दुकानातून पंक्चरचे सोल्यूशन आणले. त्या काळी जगातील नामांकित खेळाडूही सामन्याआधी अशाच द्रव्याने रबर चिकटवीत. त्यातील द्रावक स्पंजाच्या छिद्रांत शिरतो, स्पंज फुगतो, रबर ताणले जाते आणि चेंडू गलोलीतून सुटावा तसा सुटतो. काही तासांत द्रावक उडून जातो आणि जोरही ओसरतो. मग रबर सोलून पुन्हा लावायचे.

ओल्या थरावर धूळ बसू नये म्हणून मीच खोलीच्या खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. आत चार मुले होती. अर्ध्या तासाने एकजण भिंतीला टेकून बसला. म्हणाला, “सर, डोकं गरगरतंय.” मोकळ्या हवेत आणल्यावर तो सावरला. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. शेतमजुरी करणाऱ्या आईने तो मुलगा आमच्या भरवशावर येथे ठेवला होता आणि एका ढालीसाठी मी त्याला विषारी वाफेत कोंडले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही हरलो. बॅटला वेग आला होता. परंतु जाळीजवळ हलकेच टाकायचा चेंडू मुलांच्या ताब्यात राहीना, टेबलाबाहेर जाई. महिनोन्‌महिने कमावलेला हाताचा अंदाज त्या एका थराने निकामी केला होता.

रविवारी त्याची आई भेटीला आली. मी घडले ते सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली, मग एवढेच म्हणाली, “गुरुजी, आता खिडक्या उघड्या ठेवता ना?”

२००८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने असे द्रावक असलेल्या डिंकांवर बंदी घातली. आता आम्ही पाण्यावर आधारित डिंक वापरतो. तो ओला असताना पांढरा दिसतो, वाळला की पारदर्शक होतो. तोवर धीर धरावा लागतो. स्पंजावर दोन पातळ हात, फळीवर एक. मग मुठीकडून सुरुवात करून रबर लाटण्याने हळूहळू बसवायचे. थर कमीजास्त झाला किंवा आत हवा राहिली, तर त्या जागी चेंडू वेगळाच वागतो. रबर, स्पंज आणि डिंक मिळून जाडी ४ मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही. म्हणजे न दिसणारा थरही मोजला जातो. हा डिंक उसना वेग देत नाही, परंतु बॅट कालच्यासारखीच आज वागते. मुलांना नेमके तेच हवे असते. हात त्यावरच तयार होतो.

माजी विद्यार्थी आजही शाळेला बॅट भेट देतात, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सोबत पाण्याच्या डिंकाची एखादी बाटलीही पाठवावी, ही विनंती. टेबल अजून त्याच व्हरांड्यात आहे आणि रबर लावण्याचे काम आम्ही तेथेच, उघड्यावर करतो.