मागची बैठक

कार्तिक सरत आला, भोरकडच्या खाचरांतली भातकापणी उरकत आली आणि पहाटेच्या वाऱ्याला थंडीची पहिली धार चढली, की आमच्या घरात, कोणी कोणाला काही न सांगता, एका शनिवारची तजवीज सुरू होते. तो शनिवार आणि त्याच्या पाठचा रविवार माझा आणि ह्यांचा. पुण्याहून भोरमार्गे मांढरदेवीचा घाट ओलांडून वाईला जायचे, कृष्णाकाठी मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी खंबाटकीच्या बोगद्यातून परत यायचे, हा शिरस्ता आता तेवीस वर्षांचा झाला. वाहन एकच: लग्नाच्या आधीपासून ह्यांच्याजवळ असलेली, काळ्या रंगाची, साडेतीनशे सीसीची जुनी बुलेट, जिचा गिअर उजव्या पायाशी आहे आणि ब्रेक डाव्या.

ती सुरू होताना मी फाटकाशी उभी राहून पाहत असते. किल्ली फिरवली की दिव्याच्या टोपीत बसवलेल्या ॲमीटरचा काटा एका बाजूस झुकतो. किक पायाने सावकाश दाबत दाबत तो काटा मध्यावर येईल तिथे थांबायचे, डाव्या मुठीजवळची चिमुकली कळ ओढून सिलिंडरात कोंडलेला दाब सोडून द्यायचा, पिस्टन माथ्यावरून केसभर पुढे सरकू द्यायचा आणि मग कळ सोडून, किक पुन्हा वर घेऊन, सगळा देहभार एका पायावर आणून ती एकदाच मारायची. काटा मध्यावर येण्याआधी घाई करणाऱ्याच्या पोटरीवर ती किक उलटून येते. ह्यांची घाई मी कधी पाहिली नाही. पहाटेच्या त्या स्तब्धतेत मान वाकवून काट्याकडे पाहणारा हा माणूस, आणि पुढच्याच क्षणी गल्लीच्या दोन्ही भिंतींवर आदळणारी ती संथ, खोल, धीराची डगडग, ह्या दोहोंच्या मधल्या अर्ध्या क्षणात मला आमचा सगळा संसार जवळ आल्यासारखा वाटतो.

लग्न झाले तेव्हा मी साडी नेसून एका अंगाने बसत असे. डाव्या बाजूची ती लोखंडी जाळी, तिच्याखालची पाय ठेवायची अरुंद पट्टी आणि उजव्या हाताने धरलेला ह्यांचा खांदा, एवढ्या आधारावर मी चार वर्षे घाट उतरले आणि चढले. एका अंगाने बसणाऱ्या माणसाचे ओझे गाडीच्या डाव्या बाजूस पडते, आणि ते तोलून धरण्यासाठी चालवणाऱ्याला सबंध वाट आपले शरीर उजवीकडे किंचित कलते ठेवावे लागते. ह्यांनी ते ठेवले आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. पुढे मी सलवार-कमीज घालून दोन्हीकडे पाय टाकून बसू लागले, त्या पहिल्या दिवशी कात्रजच्या वळणांवर ह्यांचा उजवा खांदा जुन्या सवयीने खालीच गेलेला दिसला, आणि चार वर्षे माझा भार कोणी व कसा वाहिला हे मला तेव्हा प्रथम कळले. मी काही बोलले नाही. बोलले असते तरी वाऱ्यात ते ऐकू गेले नसते.

वाऱ्यात बोलणे होत नाही, ही ह्या प्रवासाची पहिली अट आहे. दोघांच्याही डोक्यावर शिरस्त्राण आणि खाली इंजिनाचा अखंड नाद. घरी दिवसभर दूधवाला, विजेचे बिल, मुलीचा फोन, पाहुण्यांचा राबता ह्यांविषयी आम्ही बोलतच असतो. इथे ते सगळे थांबते आणि उरतात दोन खुणा: खांद्यावर एक थाप म्हणजे थांबा, दोन थापा म्हणजे इकडे पाहा. दुसरी खूण मी फार जपून वापरते, कारण चालवणाऱ्याने पाहू नये असेच ते असते. पुढे बसणाऱ्याच्या वाट्याला रस्ता येतो. खड्डा, खडी, समोरून येणारी एसटी, मध्येच थबकलेली म्हैस एवढ्यांचाच त्याला हिशेब ठेवावा लागतो. मुलूख दिसतो तो मागे बसणाऱ्याला, आणि तोही समोरून न दिसता दोन्ही बाजूंनी ओघळत जाणारा दिसतो. म्हणून संध्याकाळी, मुक्कामी पोचल्यावर, हात-पाय धुऊन चहाचा पेला हाती आला की हे विचारतात, "हं, काय काय पाहिलंस?" आणि मी सांगते. एकच वाट आम्ही अशी दोनदा चालतो, सकाळी ह्यांच्या हाताने आणि संध्याकाळी माझ्या तोंडाने.

ह्या वर्षीही कात्रजचा जुना बोगदा, खेड-शिवापूरची रहदारी आणि नसरापूरच्या फाट्याशी बनेश्वराकडे वळणारी वाट मागे टाकून आम्ही कापूरहोळला हमरस्ता सोडला. तिथून भोरच्या रस्त्याला लागले की झाडांच्या सावलीत गाडीचा आवाज मऊ होतो. कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत बगळे उतरले होते. बांधाबांधांवर भाताच्या उडव्या रचलेल्या होत्या. एका खळ्यावर तीन बायका पदर खोचून पेंढ्या झोडत होत्या आणि चौथी, वयाने सर्वांत थोरली, वाऱ्याकडे पाठ करून सूप डोक्याच्या वर धरून भात उफणत होती. सुपाच्या काठावरून दाण्यांची धार सरळ खाली पडे आणि फोल तेवढे तिरके उडून उन्हात क्षणभर चमके. ओल्या पेंढ्याचा तो किंचित दुधाळ वास पुढचे दोन मैल आमच्याबरोबर आला. मी दोन थापा मारल्या नाहीत.

उजवीकडे वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण. ते १९२८ साली पुरे झाले, आणि त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे गेले. तिकडचा ऊस पाहिला की मला दर वेळी ह्या खोऱ्यातली पाण्याखाली गेलेली खाचरे आठवतात. देणाऱ्याचे नाव घेणाऱ्याच्या ओठी फारसे येत नाही, ह्याचे मला वाईट वाटते. पुढे पंतसचिवांचे भोर. १९४८ साली संस्थान विलीन झाले, दरबार उठला, पण राजवाड्याच्या आसपास अजून त्या जुन्या अदबीचा अंश रेंगाळतो आहे, असे मला वाटते. इथे नेहमीप्रमाणे मिसळ खाल्ली आणि निघालो.

ह्याच प्रवासाची एक खेप रात्रीची होती; ती मी सांगितली पाहिजे. सासूबाई वाईच्या घरी एकट्या राहत. एका पावसाळी रात्री शेजाऱ्यांचा फोन आला तो ह्यांनी घेतला, "निघायला हवं," एवढेच मला म्हणाले आणि आम्ही निघालो. नीरेच्या पुलापर्यंत पाठ ताठ होती. शिरवळ मागे पडले आणि माझ्या तळहातांखाली ती पाठ हलू लागली. प्रथम मला वाटले थंडी असेल, मग कळले. आवाज नव्हता, असला तरी इंजिनाने गिळला असता. तोंड मला दिसत नव्हते आणि ते दिसू नये म्हणूनच जणू ही बैठक मागे आहे. खंबाटकी चढेपर्यंत मी दोन्ही हात त्या पाठीवर पसरून ठेवले. सासूबाई गेल्या आहेत हे मला वाईत पोचल्यावर कोणी सांगावे लागले नाही. त्या रात्रीविषयी आम्ही पुढे कधीही बोललो नाही, आणि बोलण्यासारखे काही राहिले आहे असे मला अजूनही वाटत नाही.

ह्या वर्षी मांढरदेवीचा घाट अर्धा चढलो होतो, तेवढ्यात गाडी गचका देऊन बंद पडली. क्लचची तार तुटली होती. ही तार एकदम तुटत नाही. मुठीजवळ, शिशाच्या गोळीपाशी, तिचे बारीक धागे दिवसेंदिवस एकेक करून तुटत जातात आणि कळ दाबताना हाताला जड लागू लागते. हे रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "अगं, चार दिवस हाताला जड लागतच होती."

"मग बोलला का नाहीत, अहो?"

"दुरुस्तीला टाकली असती तर तुझा शनिवार मोडला असता."

राखीव तार हत्यारांच्या पेटीत होती. पाना आणि पकड ह्यांच्या हाती, आणि तारेचे खालचे टोक इंजिनाच्या कडेच्या अरुंद फटीत ओवण्याचे काम, बोटे बारीक म्हणून, माझ्याकडे. तासभर लागला. खाली भोरचे खोरे उन्हात पसरले होते, पलीकडे रायरेश्वराचे लांब, सपाट पठार निळसर दिसत होते, आणि बोटांना ग्रीसचा वास येत होता. तेवीस वर्षांत त्या दिशेकडे ह्यांनी इतका वेळ पाहिले ते प्रथमच.

दुपारी मेणवलीला पोचलो. नाना फडणीसांचा तो वाडा मी आता पुष्कळदा पाहिला आहे, तरी त्याच्या चौकांतून फिरताना माझे पाऊल हळू पडते. मागच्या अंगास कृष्णेवरचा अर्धचंद्राकृती घाट, घाटावर देवळे, आणि लहानशा घुमटीत टांगलेली ती प्रचंड पोर्तुगीज घंटा, जी १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून आली असे सांगतात आणि जिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. परंतु मला ओढ असते ती जे आता इथे नाही त्याची. नानांनी आयुष्यभर जपलेले कागद, पत्रे, यादी, जमाखर्च, ह्यांचे दफ्तर ह्याच वाड्यात होते. ते इतिहाससंशोधक पारसनिसांच्या हाती आले आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. फडणीस हा शब्दच फर्दनवीस ह्या फारसी शब्दावरून आला: फर्दावर, म्हणजे कागदाच्या तावावर, लिहिणारा. घोड्यावर बसून मुलूख जिंकणारे पुष्कळ झाले, पण कोणत्या मुक्कामी किती दाणावैरण लागली आणि कोणाची काय वासलात लागली हे आज आपल्याला कळते ते ह्या लिहिणाऱ्यामुळे. घाटाच्या पायरीवर बसून मी हे ह्यांना म्हणाले. हे थोडा वेळ नदीकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे मागच्या बैठकीवरचा माणूस."

संध्याकाळी वाईला ढोल्या गणपतीपाशी बसलो. सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या ह्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचे पाणी तिथे दुभंगावे आणि दोन्ही अंगांनी निघून जावे म्हणून. ह्या भिंतीला टेकून बसण्याची जागा सासूबाईंची. घाटावर दिवे लागले, कुठेतरी गुऱ्हाळ सुरू झाले असावे, कारण वाऱ्यावर कढत्या रसाचा दाट गोड वास आला. "हं, काय काय पाहिलंस?" हे म्हणाले. मी बगळ्यांपासून सुरुवात केली. सूप धरलेल्या म्हातारीपाशी आले तेव्हा ह्यांनी मला थांबवले आणि धान्याची धार कोणत्या बाजूला पडत होती आणि फोल कोणत्या, ते पुन्हा सांगायला लावले.

बुलेटच्या कडेच्या पिशवीत, पावसाच्या कागदात गुंडाळलेली, माझी एक वही असते. पहिल्या खेपेपासूनच्या नोंदी तीत आहेत. पावसाळी रात्रीचीही आहे, तिथे नुसती तारीख आहे. रविवारी घरी आल्यावर, हात धुण्याआधी, मी लिहिले: कार्तिक वद्य, शनिवार. पुणे ते वाई, भोरमार्गे. भात चांगले. घाटात तास एक मुक्काम. पेट्रोल सहा लिटर. क्लचची तार एक खर्ची पडली. राखीव एक आणावी.