एका नावाच्या आड

एखाद्या बालकाच्या दुखण्याला एकदा नाव मिळाले, की घरातील माणसांना दुःख होते आणि त्याच वेळी थोडे स्वास्थ्यही लाभते. काय झाले आहे ते तरी कळले, असे वाटते. पुढे त्या बालकात जे जे वेगळे दिसेल ते ते त्या एका नावाच्या खाती मांडण्याची सवय जडते. बोलत नाही, आकडीमुळे. हाकेला ओ देत नाही, औषधाच्या गुंगीमुळे. मुलांत मिसळत नाही, पाय अधू म्हणून. ते नाव खोटे नसते. परंतु ते खरे असल्यामुळेच त्याच्या आड आणखी काही उभे असेल तर ते सहसा दिसत नाही. माझ्या नातवाच्या सहवासात गेली चार वर्षे जे पाहिले, त्यावरून हा विचार मनात ठसला. तो समाजबांधवांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे हळ्ळीखेड (बी) हे बिदर जिल्ह्यातील हुमनाबाद तालुक्यातले गाव. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्यातला हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे आला; उदगीर-निलंग्याकडचे आमचे सोयरे महाराष्ट्राच्या बाजूस गेले. घरात मराठी, शाळेत कानडी, बाजारात दखनी, असा आमचा नित्याचा व्यवहार. दवाखान्यासाठी कोणी बिदरला जातो, कोणी कलबुर्गीस, आणि दुखणे मोठे असले तर हैदराबादेस.

नातू महिने भरण्यापूर्वीच जन्मला. पाचव्या महिन्यात त्याला विचित्र झटके येऊ लागले. झोपेतून उठला की मान पुढे झुके, दोन्ही हात उचलले जात, क्षणभर थांबे, पुन्हा तसेच. एकामागून एक वीस-पंचवीस वेळा. आल्यागेल्याने कौतुकाने म्हणावे, 'बघा, बाळ सलाम करतो!' पुढे हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितले, की या आकडीला वैद्यकातही 'सलाम'चेच नाव पडले होते. इंग्लंडातील टनब्रिज गावच्या विल्यम वेस्ट नावाच्या डॉक्टराने १८४१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकास पत्र लिहून अशा झटक्यांचे वर्णन प्रथम केले. ज्या मुलाचे वर्णन त्याने केले तो त्याचा स्वतःचाच मुलगा होता. इतर वैद्यांपैकी कोणी असे पाहिले असल्यास मला कळवावे, अशी त्या बापाची विनवणी होती. आज त्या विकाराला वेस्टचेच नाव आहे. ज्ञानाचा आरंभ पुष्कळदा घरच्या माणसाच्या नजरेपासून होतो, याची ही एक साक्ष आहे.

उपचाराने झटके थांबले. डावा हात व डावा पाय मात्र ताठर राहिले. मेंदूला झालेल्या इजेमुळे असे होते, त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, हे कळले. अडीच वर्षांचा झाल्यावर तो चालू लागला. तिसरे वर्ष संपले तरी एक शब्द नव्हता. सगळ्यांपाशी उत्तर तयारच होते.

ते उत्तर पुरेसे नाही, हे प्रथम माझ्या सुनेच्या ध्यानात आले. बिदरला व्यायामोपचारासाठी आम्ही जात असू. तेथे एक चिमुरडी येई. तिला बसता येत नसे, दोन्ही हात वश नव्हते, शब्द तर नव्हताच. एके दिवशी वीज गेली आणि छताचा पंखा थांबला. त्या मुलीने पंख्याकडे पाहिले, मग आईच्या तोंडाकडे, मग पुन्हा पंख्याकडे. जणू विचारत होती, 'पाहिलेस का?' आमचा बाळही पंख्याकडेच पाहत होता. पंखा पुन्हा फिरेपर्यंत त्याने नजर हलविली नाही, आणि आमच्यापैकी कोणाकडेही एकदाही पाहिले नाही. परतताना मोटारीत सून हळूच म्हणाली, 'मामंजी, त्या पोरीला हात नाहीत तरी ती दाखवते. आपल्या बाळाचा उजवा हात धड आहे, तरी तो काही दाखवत नाही.'

मी जन्मभर शाळामास्तरकी केलेली. वहीत नोंद ठेवण्याची खोड आहे. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी टिपणे ठेविली. डब्यातले काही हवे असले की तो आईचे मनगट धरून तिचा हात झाकणावर ठेवी, पण तोंडाकडे पाहत नसे. नावाने हाक मारली तर मान वळत नसे. दोन गल्ल्यांपलीकडची पिठाची गिरणी सुरू झाली की मात्र तत्काळ वळे. तुरीच्या डाळीत हात घालून ती बोटांतून गाळण्यात तासन्‌तास रमे. चांदोबा दाखवला तर तो दाखविणाऱ्याच्या बोटाकडे पाही. नेहमीची वाट सोडून दुसऱ्या गल्लीने नेले तर आकांत करी. ताठर पायाचा आणि या गोष्टींचा संबंध कसा लावावा?

एका डॉक्टरांनी वही बाजूला सारून म्हटले, 'आकडीची मुले अशीच असतात.' दुसऱ्यांनी ती पानोपान वाचली. त्यांनी आधी कानांची तपासणी करविली, कारण ऐकूच येत नसेल तर हाकेचा विचार व्यर्थ. मग झोपेतला मेंदूचा विद्युत आलेख काढला, कारण काही आकड्या बाहेरून दिसत नाहीत आणि मूल क्षणभर टक लावून राहते तेवढीच त्यांची खूण असते. काही मुलांची आलेली भाषाही अशा झोपेतल्या आकडीने जाते. शेवटी तासभर जमिनीवर बसून ते बाळाशी खेळले, आणि कागदावर लिहिले : 'स्वमग्नता संभाव्य. सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे.'

स्वमग्नतेचे वर्णन अमेरिकेतील लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांवरून केले. पुढे कित्येक वर्षे विद्वानांनी त्याचा दोष मातांच्या माथी मारला. आईच्या मायेत ऊब नाही म्हणून मूल आत वळते, असे ते म्हणत. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली ग्रंथ लिहून हे मत खोडून काढले. तोही अशाच मुलाचा बाप होता. यांपैकी अनेक मुलांना मोठेपणी आकडी येऊ लागते, हे दिसल्यावर मूळ मेंदूच्या घडणीतच आहे हे अधिक स्पष्ट झाले. म्हणजे आकडी आणि स्वमग्नता एकमेकींना वगळीत नाहीत. पुष्कळदा त्या एकाच घरात राहतात. कातडीवर फिकट, पानाच्या आकाराचे डाग असणारा ट्युबरस स्क्लेरोसिस नावाचा एक जन्मजात विकार आहे. त्यात आकडी फार आढळते आणि जवळजवळ निम्म्या मुलांत स्वमग्नताही दिसते. आपल्या देशात गोवा, हैदराबाद आदी पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेंदूच्या वाढीशी निगडित असे काही ना काही ज्यांना होते, त्यांतील सुमारे पंचमांश मुलांत एकाहून अधिक विकार एकत्र होते.

आणखी एक समज आमच्या सीमाभागात फार आहे. घरात तीन-तीन भाषा, म्हणून पोर गोंधळले, असे शहाणी माणसेही सांगतात. अनेक भाषा कानी पडल्याने स्वमग्नता येत नाही. ज्या हुमनाबादेजवळ माणिकनगरी माणिकप्रभूंनी मराठी, कानडी आणि हिंदी अशा भाषांतून पदे रचली, तेथल्या लेकरांना भाषांचे ओझे व्हावे, ही कल्पनाच चमत्कारिक आहे. सुनेने घरची मराठी सोडावी, असा सल्ला आला होता. तिने तो मानला नाही, हे योग्यच झाले.

परंतु घरातला खरा वाद निराळाच होता. माझा मुलगा म्हणाला, 'एक आकडी पुरे नाही का? आणखी एक शिक्का कशाला?' त्याचे दुःख मला समजत होते. मात्र या दुसऱ्या नावाने आमचे वागणे बदलले. पूर्वी बाळाला धरून-दाबून व्यायाम देत, तो किंचाळे, आणि सारे त्याला हट्टी म्हणत. आता प्रथम चित्र दाखवतात, क्रम रोज तोच ठेवतात, आणि तो बराच वेळ शांत राहतो. औषध उतरले की वाचा फुटेल, अशी वाट आम्ही पाहत होतो. आता चित्रे देऊन मागणे शिकवतो आहोत. आकडीचे औषध डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय कमी करायचे नाही, हेही पक्के झाले. असे औषध एकाएकी थांबविले तर जिवावर बेतू शकते. आणि 'संभाव्य' हा शब्द असला तरी शिकवणे थांबवावे लागत नाही, निश्चिती मागाहून झाली तरी चालते.

सरकारी सोयीही माहीत असाव्यात. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत मुलांची तपासणी होते आणि शंका असल्यास जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे गणली आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, आणि एकाहून अधिक अपंगत्वे एकत्र असणे हाही स्वतंत्र प्रकार आहे.

राहिला प्रश्न देवळाचा. आरतीची घंटा आणि नगारा आमच्या बाळाला सोसत नाही. तो कान झाकून ओरडू लागला की मंडळी वळून पाहतात. कोणी अंगारा लावतात, कोणी पूर्वजन्मीचे काही बोलतात. अंगाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. तो मायेने लावलेला असतो. पूर्वजन्मीचे बोल मात्र आईच्या कानी पडतात, आणि विद्वानांनी एकदा मातांवर ठेवलेला दोष पुन्हा तिच्याच पदरात पडतो. नैवेद्यानंतर दुपारी देऊळ निवांत असते. त्या वेळी आमच्या पुजारीबोवांनी बाळाला आत घेण्यास सुरुवात केली आहे. तो समईच्या ज्योतीकडे पाहत बसतो. कोणी त्याला नमस्कार करावयास सांगत नाही.

येत्या मार्गशीर्षात त्याला पुन्हा दाखवायचे आहे. कागदावरचा शब्द तेव्हा काय होईल ते होवो. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरी आकडीचे, अधू हातापायाचे वा उशिरा बसणारे बालक असेल आणि त्याची आई 'याशिवाय आणखी काही असेल का?' असे विचारीत असेल, तर तिला गप्प करू नये. तिने काय पाहिले ते विचारावे, लिहून ठेवावयास सांगावे, आणि दवाखान्यात तिच्यासोबत जावे, एवढीच वाचकांपाशी विनंती आहे.