पाण्याच्या घड्याळाने

कोकणातल्या जलदुर्गांचे सगळ्यात जास्त फोटो निघतात ते सूर्यास्ताला. तांबूस आभाळ, सोनेरी पाणी आणि मधोमध किल्ल्याची काळी आकृती. चित्र देखणं असतं. पण मुरूडचा जंजिरा कुठला, हर्णैचा सुवर्णदुर्ग कुठला आणि मालवणचा सिंधुदुर्ग कुठला, हे खालचं नाव वाचल्याशिवाय कळत नाही. नाव बदललं तरी ज्या फोटोचं काही बिघडत नाही, त्यात किल्ला आलाच नाही असं म्हणावं लागेल. चहूबाजूंनी पाणी आहे एवढ्याने कुठलाही किल्ला जलदुर्ग ठरत नाही. समुद्राला कुठे अडवलं, कुठे वाट दिली आणि कुठे राखणीला बसवलं, यात त्याची खरी ओळख असते. म्हणून त्याचा फोटो सूर्यापेक्षा पाण्याची वेळ बघून काढावा.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. तटाच्या पायथ्याशी उभं राहिलं की दिसतं, प्रचंड दगड नुसते एकावर एक रचलेले आहेत, मध्ये चुना नाही. लाट आदळते, फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. जंजिऱ्यासमोरच्या पद्मदुर्गावर याच्या उलट. तिथे दगड चुन्यात बसवलेले. खाऱ्या वाऱ्यापाण्याने दगडांची तोंडं खाऊन खोलगट केली, चुना मात्र जागचा हललेला नाही. दरजा पुढे आल्यामुळे ती भिंत मधाच्या रिकाम्या पोळ्यासारखी दिसते. एकाच किनाऱ्यावर, एकाच शतकात, समुद्राला दिलेली ही दोन वेगळी उत्तरं. सूर्य तटामागे गेला की दोन्ही काळोखात बुडतात. दरवाजांचंही तसंच. १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाचा दरवाजा बुरुजांच्या आड असा दडवला आहे की लांबून तट सलग वाटतो. जंजिऱ्याचा दरवाजाही होडी अगदी जवळ जाईपर्यंत सापडत नाही. हा चकवा होडीतून, पाण्याच्या पातळीवरून घेतलेल्या फोटोतच उतरतो.

यावर कुणी म्हणेल, प्रवासी मोजमापं घ्यायला जात नाही, सौंदर्य बघायला जातो. मान्य, पण सौंदर्य आणि ओहोटी यांत भांडण नाही. कोकणात जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर साधारण सहा तासांनी पुरी ओहोटी. याच हिशेबाने पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास येते आणि ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या. म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पाणी सगळ्यात लांब हटतं तेव्हाच, सूर्य तिरपा होऊन पश्चिमेच्या तटावर ऊन टाकतो. सूर्य तटामागे जाण्याची वाट बघण्याऐवजी त्याला पाठीशी घेतलं, की दगडाचा कण न् कण उजळतो. दुसरा आक्षेप ड्रोनचा: आता वरून सगळंच दिसतं. बेटाच्या कडेकडेने वळणं घेत गेलेला सिंधुदुर्गाचा तट वरून खरोखर उत्तम कळतो. पण वरून तटाची उंची सपाट होते, आणि बांधणाऱ्यांनी ज्याच्यासाठी ती रचली तो शत्रू होडीतून येणारा होता. ओहोटीचा किनारा ओंगळ दिसतो, हीही तक्रार असते. शेवाळ दिसतं, अडकलेलं प्लास्टिक दिसतं. दिसू द्यावं, आजचा किल्ला त्यासकट आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी आहेत. कुलाबा आणि पद्मदुर्ग नाहीत. यादीत असो वा नसो, लाट कुणालाच सोडत नाही, आणि तिचं काम चालतं ते तटाच्या पायथ्याशी, भरती जो भाग झाकून टाकते तिथे. यंदा कोणता दगड सैल झाला, कुठली दरज उघडी पडली, हे सूर्यास्ताच्या लाखो फोटोंतून कधीच कळणार नाही. ओहोटीला, एकाच जागेवरून, वर्षानुवर्षं वेगवेगळ्या माणसांनी काढलेले साधे फोटो मात्र ते सांगू शकतात. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. निघण्याआधी पंचांगात तिथी बघावी, पाणी भरू लागण्याआधी परतावं, आणि एक तरी फोटो तटाच्या पायथ्याचा काढावा. दुरुस्ती कुठून सुरू करायची, हे उद्या कुणी विचारलं तर उत्तर त्याच फोटोत असेल.